गॅलरीतलं विद्यापीठ : करी रोडचं विद्यार्थीजीवन

मंडळी, विद्यार्थीजीवन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झाडं, दगडी इमारत, वसतिगृह, कँटीन आणि रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पा. आजचं व्याख्यान करी रोडबद्दल आहे आणि गप्पा सोडल्या तर इथे यातलं काही नव्हतं. विद्यार्थी मात्र भरपूर होते. त्यांचा इतिहास कॉलेजांच्या स्मरणिकांत फारसा सापडत नाही, कारण स्मरणिका कॉलेजची निघते, चाळीची नाही.

आधी एक मुद्दा साफ करून घेऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था. शिकवायचं कॉलेजांनी, राहायची सोय ज्याची त्याने बघायची. कलिन्याचा विस्तीर्ण परिसर फार नंतरचा. त्यामुळे पहिली शंभरेक वर्षं मुंबईतल्या गरीब विद्यार्थ्याचा कॅम्पस म्हणजे तो जिथे पथारी पसरायचा ती जागा.

आता ती जागा बघू. करी रोडहून जवळच ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुना डिलाइल रोड. तिथल्या बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या. इमारती ३२, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गिरणीत जशा पाळ्या चालायच्या तशा गिरणगावातल्या खोल्यांतही चालायच्या. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं एका गाळ्यात दाटीने राहायची. रातपाळी करून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागी आडवा व्हायचा. मग पोराने अभ्यास कुठे करायचा? गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, रस्त्यावरच्या दिव्याखाली.

पण जागेपेक्षाही अवघड प्रश्न वेळेचा होता, आणि त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण परळचंच आहे. डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते तेव्हा कुटुंब डबक चाळीत एका खोलीत राहायचं. चरित्रकारांनी लिहिलंय की भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे, वडील रामजी दोन वाजेपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून स्वतः झोपायचे. ही गोष्ट आपल्याला बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती आहेच. पण करी रोडवर उभं राहून ऐकली तर तिच्यात पाळी दिसते. जागा एक, माणसं दोन, म्हणून झोप वाटून घ्यायची! गिरणगावातल्या कुठल्याही घराला हे समजावून सांगावं लागलं नसतं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं हे लीगचं मोठं काम. लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्येच १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय होतं. सभेने पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. राहायची सोय नसेल तर शाळेची सोय फुकट जाते, हे चाळीत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे बाबासाहेबांनी दोन तऱ्हांची कॉलेजं उभी केली, आणि आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. १९५० साली औरंगाबादला सुरू झालेलं, पुढे मिलिंद नावाने ओळखलं गेलेलं कॉलेज म्हणजे नागसेनवनाचा मोकळा परिसर आणि वसतिगृहं. मुंबईत १९४६ साली निघालेलं सिद्धार्थ कॉलेज मात्र सुरुवातीला लष्करी बराकींत भरलं. तिथे सकाळचे वर्ग होते. कारण विद्यार्थी नोकरी करणारा होता, कॉलेज उरकून त्याला कामाची वेळ गाठायची होती. कोलंबियासारखं कॅम्पस विद्यापीठ पाहिलेल्या माणसाने मुंबईसाठी कॅम्पसऐवजी वेळापत्रक बदललं. पुढे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात जी तरुण मंडळी जमायची, त्यांच्यातूनच १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. गप्पांना जागा मिळाली की काय होतं ते बघा.

आणि ज्यांना कॉलेज मिळालंच नाही ते? नारायण सुर्वे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेले. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. १९६६ च्या त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव ‘माझे विद्यापीठ’. गॉर्कीनेही आपल्या आत्मकथनाच्या तिसऱ्या भागाला असंच नाव दिलंय. तो कझानला विद्यापीठात शिकायला गेला आणि पोचला बेकरीत.

इथे थोडं थांबू, कारण चाळीचं कौतुक करताना आपण वाहवत जातो. गॅलरी मुलग्यांची होती. मुलगी पुस्तक घेऊन रात्री जिन्यात बसली तर चार तोंडं बोलायची. तिचा अभ्यास स्टोव्ह आणि मोरी यांच्यामध्ये, भाकऱ्या थापून झाल्यावर. आणि शेजारधर्माच्या गोष्टी सांगताना जात विसरायची नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तेव्हा एकमेकांच्या अंगावर दगड आले ते समोरासमोरच्या चाळींतून.

मग १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, पगार थांबले आणि कित्येक घरांत पहिला बळी गेला तो थोरल्या मुलाच्या शिक्षणाचा. संपाच्या इतिहासात आपण गिरण्या मोजतो, कामगार मोजतो. अर्धवट राहिलेली कॉलेजं कोणी मोजली?

आता बीडीडीच्या जागी टॉवर येतायत, ५०० चौरस फुटांची घरं. दार लावून अभ्यास करता येईल, मुलींनासुद्धा. याबद्दल आम्ही तरी गळा काढणार नाही. एक विनंती मात्र आहे. खोली रिकामी करताना माळ्यावर रात्रशाळेची प्रगतिपुस्तकं, गावकीच्या मंडळाच्या वह्या, वाचनालयाची नोंदवही असं काही सापडलं, तर ते रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, जमल्यास जवळच्या ग्रंथालयात द्या. कोणाची वही, कोणती चाळ, कोणतं साल, एवढं मागे पेन्सिलीने लिहिलंत तरी पुरे.