खाडीकाठची वाट

* खाडीकाठची वाट : लेखकाला अभिप्रेत असलेली वाट वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून तरीच्या धक्क्यापर्यंत जाते. पलीकडे मढ. खाडीच्या मुखावरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १७३९मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि १७७४मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याला वेसाव्याचा किल्ला म्हणतात, पण तो उभा आहे मढच्या बाजूला. जुने दस्तऐवज वाचताना हे ध्यानात ठेवावे. सध्या तो हवाई दलाच्या ताब्यात आहे.

मूळ मजकुरात लेखक गिरणगावातून थेट येथे येतो, ते योग्यच आहे. ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५४ सालची. वेसाव्याची मासेमारी तिच्याहून कितीतरी जुनी. गिरण्यांच्या धुराड्यांवर पुष्कळ लिहिले गेले, वलांडीवर फारच थोडे. वलांडी म्हणजे बोंबील वाळवण्याची बांबू-दोरांची मांडणी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकतात. गाठ लागत नाही, खिळा लागत नाही. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्यांचा हात इतका चालतो की नजर ठरत नाही. पावसाळा सरला की उन्हाळ्यापर्यंत हा हंगाम. वारसास्थळांच्या यादीत किल्ल्याइतकाच मान या मोकळ्या वाळवणीच्या जागांना मिळायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागा गेली की कसबही जाते.

या वाटेने जाणाऱ्या वाचकांना विनंती : वलांडीखालून वाट काढू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. ती कामाची जागा आहे. – संपादक