कर्ज किती वर्षं जगतं? गोव्याच्या जुन्या नागरी संहितेतून

जुने कर्जरोखे चाळताना आमच्या मंडळात एक प्रश्न हमखास निघतो: इतक्या वर्षांनी सावकाराचा नातू दारात उभा राहिला, तर पैसे द्यावे लागत का? शेजारी बेळगाव-कारवारात ब्रिटिश कायद्याने साध्या उसनवारीला साधारण तीन वर्षांची मुदत. गोव्यात हिशेब निराळाच.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्या कलम ६४३ नुसार करार वैध व्हायला तीनच गोष्टी लागत: करणाऱ्यांची पात्रता, दोघांची संमती आणि शक्य असणारा विषय. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘मोबदला’ हवा, तो नसला तर काही अपवाद सोडून करार रद्दच. गोव्यात ती अट नव्हती. संमती दिली की माणूस बांधला गेला. (बिनमोबदल्याचं देणं म्हणजे दान, त्याचे नियम वेगळे.)

पण मला खरं रोचक वाटतं ते कलम ५३५. धनकोने वीस वर्षं मागणी केली नाही आणि ऋणको ‘सद्भावनेने’ वागत असला, तर तो मोकळा. नाहीतर तीस वर्षं. सद्भावना म्हणजे काय, तर कर्ज आहे हेच ठाऊक नसणं! आणि ज्याने स्वतः सही केली, त्याचं हे अज्ञान कायदा गृहीत धरत नाही. म्हणजे आजोबांची सुटका सहसा तीस वर्षांनी, पण ट्रंकेतल्या कागदाचा पत्ताच नसलेल्या नातवाला वीस वर्षांत सुटायची वाट होती. कायदा करणाऱ्यांना घरं नीट कळत होती, असं म्हणावंसं वाटतं.

मुक्तीनंतर भारतीय करार कायदा आला, १९६३ चा मुदत कायदाही आला. तरी घोळ संपेना. स्थानिक कायदा म्हणून पोर्तुगीज मुदती टिकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटलं. मग तीन वर्षं की तीस? बँका, पतपुरवठादार, कर्जदार सगळेच लटकलेले. अखेर २००१ मध्ये, सिंडिकेट बँकेच्या एका दाव्यात, त्याच न्यायालयाने करारातून येणाऱ्या वसुलीला भारतीय मुदत कायदाच लागू ठरवला. खुद्द पोर्तुगालने ती संहिता १९६७ मध्येच बाजूला ठेवली होती.