राफ्लेसिया कोणी शोधले?

जगातील सर्वांत मोठे फूल कोणते, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो आणि ‘राफ्लेसिया अर्नोल्डी’ हे उत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते. ते शोधले कोणी, असे विचारले तर मात्र आम्हां वनस्पतिशास्त्रज्ञांनाही जरा थांबावे लागते.

सुमात्रा बेटावरील बेंकूलेन हे ठाणे १८१८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे होते. तेथील लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅम्फर्ड राफल्स मे महिन्यात बेटाच्या अंतर्भागात दौऱ्यावर गेले. बरोबर डॉ. जोसेफ अर्नोल्ड हे निसर्ग-अभ्यासक होते. मान्ना नदीकाठी मुक्काम असताना एक मलायी नोकर धावत आला आणि अर्नोल्डना जवळच्या झाडीत घेऊन गेला. तेथे जमिनीलगत एक प्रचंड फूल उमलले होते. खोड नाही, पाने नाहीत! व्यास एक यार्ड, वजन १५ पौंड, म्हणजे जवळजवळ ७ किलो. वास नासलेल्या मांसाचा आणि वर माश्यांचा थवा. सोबत साक्षीदार नसते तर ही मापे सांगायला आपण धजलो नसतो, असे अर्नोल्डनी पत्रात लिहिले. दोन महिन्यांतच ते तापाने वारले. त्यांनी सुरू केलेले चित्र राफल्स पती-पत्नींनी पुरे केले.

नमुने लंडनला पोचले आणि रॉबर्ट ब्राउन यांच्या हाती आले. हे फूल ज्या मुळावर बसले आहे त्याच झाडाचे, की दुसऱ्याच वनस्पतीचे? ब्राउननी सूक्ष्म तपासणी करून ते स्वतंत्र परजीवी वनस्पतीचे असल्याचा निष्कर्ष काढला. ३० जून १८२० रोजी लिनियन सोसायटीपुढे त्यांनी निबंध वाचला. प्रजातीला राफल्सचे व जातीला अर्नोल्डचे नाव मिळाले. तपासलेले फूल नर होते. मादी-फुलाचे वर्णन वाचायला १८३४ साल उजाडले. आश्रय देणारी वेल द्राक्षाच्या कुलातील असते; परजीवीचे शरीर तिच्या आत केवळ तंतूंच्या रूपात पसरलेले असते. या फुलाचे जवळचे नातलग एरंडाच्या कुलात आहेत, हे डीएनएच्या अभ्यासातून कळले ते तर २००७ साली.

पण अर्नोल्डच्या आधी १७९७ साली लुई देशां या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाला जावाच्या परिसरात राफ्लेसियाची दुसरी एक जाती सापडली होती. मायदेशी परतताना इंग्रजांनी त्याचे जहाज पकडले आणि कागदपत्रे जप्त केली. वर्णन छापलेच गेले नाही, आणि आमच्या शास्त्रात न छापलेल्या वर्णनाला अग्रहक्क नसतो. नियम कठोर आहे खरा. पण तो नसता तर नावांचा गोंधळ कधीच मिटला नसता, असे आम्हांला वाटते.

आणि तो नोकर? अर्नोल्डच्या पत्रात त्याचे नाव नाही. स्थानिक लोकांना मात्र हे फूल आधीपासून ठाऊक होते. कळी दिसल्यापासून फूल उमलायला तीन महिने लागतात, हे त्यांनीच राफल्सना सांगितले. त्यांनी फुलाला नावही दिले होते. त्याचा अर्थ ‘सैतानाचा पानाचा डबा’.