एका आकाशात तीच घार

जालना जिल्ह्यातले भोकरदन केळणा नदीच्या काठी आहे. सातवाहनकाळात त्याचे नाव भोगवर्धन होते आणि ती पैठण-उज्जैन वाटेवरची नांदती पेठ होती. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, हे तिथले शिलालेख सांगतात. त्याच स्तूपाच्या पूर्व तोरणावर, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास, महाभिनिष्क्रमणाचा, म्हणजे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरला गेला. बुद्धाची आकृती दाखवायची नाही हा तेव्हाचा संकेत. म्हणून पाठीवर स्वार नसलेला, वर छत्र धरलेला त्याचा कंथक घोडा एकाच पट्टीत चार वेळा पुढे सरकतो आणि अखेरीस सारथी छंदकाबरोबर माघारी वळतो. पुढे अजिंठ्याच्या चित्रकारांनीही एका भिंतीवर एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा रंगवून कथा सांगितली. उडत्या पक्ष्याचे लागोपाठचे फोटो जोडून एक चित्र करणारा आजचा छायाचित्रकार याच घराण्यातला आहे, असे मला मनापासून वाटते.

पण शिल्पकाराने कोरले ते डोळ्याला दिसले तेवढेच, आणि पंखाची फडफड डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकात यावे लागते. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला आला होता. त्यानेच 1874 चे शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून त्याचे सरकणे, टिपण्यासाठी एक छायाचित्रण-रिव्हॉल्व्हर बनवले आणि ते जपानला नेले. फिरत्या तबकडीवर ते 72 सेकंदांत 48 प्रतिमा घेई. ग्रहासाठी हा वेग पुष्कळ होता, पक्ष्यासाठी अगदीच अपुरा. जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची पावले पकडली. ती चित्रे पाहून पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी त्याच्याकडे पक्ष्यांची चित्रे मागितली. मिळालेल्या चित्रांनी मारे यांचे समाधान झाले नाही. मग 1882 मध्ये त्यांनी झान्सेनची कल्पना बंदुकीच्या आकारात उतरवली: खांद्याला लावायची, पक्ष्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. सेकंदाला 12 प्रतिमा, प्रत्येकीला प्रकाश सेकंदाच्या 720 व्या भागापुरता. पक्षीनिरीक्षणाच्या इतिहासात इतकी निरुपद्रवी बंदूक दुसरी नसेल.

या बंदुकीच्या प्रतिमा मात्र सुट्या होत्या. खरे वळण त्याच वर्षी आले, जेव्हा मारे यांनी एकाच स्थिर काचपट्टीवर सगळे क्षण उतरवायला सुरुवात केली. काळ्या पार्श्वभूमीसमोरून पांढरा पक्षी उडवायचा आणि भिंगाआड फटी असलेली चकती फिरत ठेवायची. काळोखाने काचेवर काहीच उमटत नाही, म्हणून पक्ष्याची पुढची प्रतिमा शेजारच्या कोऱ्या जागी पडते. पक्षी सावकाश उडाला की प्रतिमा एकमेकींवर चढत. ही अडचण त्यांना 1888 मध्ये सरकत्या कागदी फितीकडे घेऊन गेली. तीन दिशांनी घेतलेल्या प्रतिमांवरून त्यांनी उडत्या पक्ष्यांची शिल्पेही घडवली, आणि 1890 मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्यांचा ग्रंथ निघाला.

फीत आली आणि एकत्र जमलेले क्षण पुन्हा पांगले. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दिसली. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून ती पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखवली. सारे जग त्या हलत्या पडद्यामागे गेले. स्थिर चौकटीत अनेक क्षण मांडण्याचा वारसा प्रयोगशाळांनी आणि द्यूशाँ, बाल्ला यांच्यासारख्या चित्रकारांनी सांभाळला.

डिजिटल कॅमेऱ्याने तो वारसा घराघरांत आणला. जालना शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावाच्या काठी कोणालाही तो आजमावता येईल. ट्रायपॉड पक्का रोवायचा, शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागावर आणि फोकस एका जागी बांधून घ्यायचा, घार चौकटीत शिरली की बोट दाबून धरायचे. सेकंदाला दहा-वीस फोटो मिळतात. संगणकावर ते थरांनी एकावर एक ठेवून ‘डार्कन’ निवडले की प्रत्येक ठिकाणचा सर्वांत गडद बिंदू तेवढा उरतो. उजळ आकाशातली घारीची सगळी रूपे आपोआप एकत्र येतात. हीच मारे यांची रीत, फक्त काळ्याचे पांढरे केलेले. गर्द झाडीसमोरून पांढरा बगळा जात असेल तर ‘लायटन’ वापरावे. तेव्हा आपण थेट त्यांच्याच पद्धतीवर येतो. पंख एकमेकांवर चढत असतील तर दर तिसराच फोटो घ्यावा. मात्र निवड समान अंतराने व्हावी, आणि शोभेसाठी एकही प्रतिमा जागची हलवू नये. तसे केले तर पंखाच्या एका फटक्यात पक्षी किती पुढे गेला हे मोजता येत नाही, आणि मारे यांनी एवढा खटाटोप केला तो नेमका ते मोजण्यासाठी.