चांद्याच्या कोळसाखाणी आणि कामगार कल्याण निधी

कामगारांच्या साहाय्यनिधीचे खरे स्वरूप त्याच्या खर्चापेक्षा जमेच्या बाजूवरून अधिक स्पष्ट होते. मालकाच्या औदार्यावर उभा असलेला निधी नफ्याबरोबर वाढतो व नफ्याबरोबरच आटतो. तत्कालीन चांदा जिल्ह्यातील बल्लारपूर, घुग्घुस आदी कोळसाखाणींच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याने निराळ्या रीतीने सोडविला. १९४४ च्या वटहुकुमाने सुरू झालेल्या निधीस १९४७ च्या अधिनियमाने स्थैर्य दिले. खाणीबाहेर पाठविलेल्या कोळशावर दर टनास चार ते आठ आणे उपकर ठरला, आणि जमेची विभागणी घरबांधणी व सर्वसाधारण कल्याण अशा दोन खात्यांत झाली. साहाय्य हे दान न राहता उत्पादनखर्चाचा भाग झाले, हे या व्यवस्थेचे महत्त्व होय.

परंतु तिची मर्यादाही येथेच होती. जमा टनावर अवलंबून, गरज मात्र आपत्तीवर. शिवाय ज्याच्या श्रमाचे माप टनात होत नव्हते, तो या निधीबाहेरच राहिला. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील अरण्यात, म्हणजे १९८२ पासूनच्या गडचिरोली जिल्ह्यात, तेंदूपाने तोडणारा मजूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले व १९८६ मध्ये हा अधिनियम रद्द झाला. तथापि साहाय्याचा हक्क श्रमास की उत्पादनास, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न अभ्यासकांपुढे कायम आहे.