खानेसुमारी आणि शिरगणती

लोकगणनेसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक खानेसुमारी, दुसरा शिरगणती. पहिल्याचा अर्थ घरांची मोजदाद, दुसऱ्याचा डोक्यांची. व्यवहारात हे शब्द एकाच अर्थाने वापरले गेले असले, तरी त्यांच्यामधले अंतर लहान नाही. घरे मोजणाऱ्या कारभाराची नजर करावर असते. माणसे मोजणाऱ्या कारभाराला आज ना उद्या त्या माणसांच्या सुखदुःखाचा जाब द्यावा लागतो.

घरे मोजण्याची चाल आपल्याकडे पुरातन होय. सतराव्या शतकात जोधपूरचे दिवाण मुहणोत नैणसी यांनी ‘मारवाड रा परगनां री विगत’ या ग्रंथात परगण्यांच्या महसुलाबरोबर नगरांतील घरांची जातवार संख्या नोंदवून ठेविली. पेशवाईत पुण्यातील पेठांच्याही खानेसुमाऱ्या होत असत. अशा याद्या इतिहासाला अनमोल आहेत. परंतु घरात माणसे किती, त्यांत लेकरे किती, हे त्यांवरून बहुधा अनुमानानेच ठरवावे लागते.

इंग्लंडात या कामी चर्चची व्यवस्था उपयोगी पडली. तेथील प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा १५३८ साली झाली. तथापि सर्व प्रजेची गणना करण्याचे विधेयक १७५३ साली पार्लमेंटपुढे आले, तेव्हा त्यास कडवा विरोध झाला. आज सरकार माणसे मोजील, उद्या त्यांवर कर बसवील, परवा त्यांना लष्करात ओढील, अशी धास्ती होती. ते विधेयक बारगळले. पहिली शिरगणती अखेर १० मार्च १८०१ रोजी झाली, आणि तेव्हापासून परगण्यातील एकेका पॅरिशची लोकसंख्या ओळीने वाचता येऊ लागली.

हिंदुस्थानात १८७२ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांत गणना झाली. सबंध देशाची एकाच वेळी गणना मात्र १७ फेब्रुवारी १८८१ या दिवशी प्रथम झाली. त्या वर्षी मेवाडच्या डोंगरांत जे घडले, ते लोकगणनेच्या इतिहासात विसरता येण्याजोगे नाही. गणनेचे कामगार भिल्लांच्या पालांवर, म्हणजे डोंगरी वस्त्यांवर, जाऊ लागताच अफवा उठली की, ही मोजणी पुरुषांना काबूलच्या लढाईवर धाडण्यासाठी आणि नवे कर लादण्यासाठी आहे. जंगल, दारू व वाटेवरील हक्क यांविषयीचा जुना असंतोष धुमसत होताच. मार्चमध्ये बारापालच्या ठाण्यावर भिल्ल चालून गेले व ठाणेदार मारला गेला. महाराणा सज्जनसिंह यांच्या दरबाराने फौज पाठविली. परंतु तंटा मिटला तो बोलणी करूनच. ‘वीर विनोद’ या इतिहासग्रंथाचे कर्ते कविराज श्यामलदास यांनी ऋषभदेव येथे भिल्ल मुखियांशी समझोता केला. भिल्लांच्या पालांची गणना करू नये, ही त्यातील एक अट होती.

या भयाला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु लंडनच्या सभागृहात १७५३ साली सुशिक्षित सभासदांनी व्यक्त केलेली धास्ती आणि मेवाडच्या डोंगरातील धास्ती यांत तत्त्वतः भेद कोणता? आपण का मोजले जात आहोत, हे ज्याला सांगितले जात नाही, तो मोजणाऱ्याकडे शत्रू म्हणूनच पाहणार. अशा ठिकाणी माणसे मोजण्याऐवजी झोपड्यांवरून अंदाज बांधावा लागला, आणि शिरगणती पुन्हा खानेसुमारीवर आली.

त्याची किंमत पुढे कळून आली. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९–१९०० चा दुष्काळ राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. १८९१ च्या मानाने १९०१ मध्ये जयपूर संस्थानाची लोकसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटली. मेवाडची १८ लाख ४५ हजारांवरून १० लाख १८ हजारांवर आली. ही घट सुमारे ४५ टक्के! यात दुष्काळाने व तापाने किती नेले, किती परागंदा झाले आणि आधीच्या अंदाजातील चूक किती, हे कोणी निश्चित सांगावे? मेलेल्यांचीही गणती करता येऊ नये, याहून मोठी उपेक्षा ती कोणती?

महाराष्ट्रातील आकडेही तेच दुःख वेगळ्या रीतीने सांगतात. पुणे शहर व छावणी मिळून १८९१ मध्ये १ लाख ६१ हजार वस्ती होती. १९०१ मध्ये ती १ लाख ५३ हजार राहिली. या दहा वर्षांत प्लेग येऊन गेला होता. रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, त्याच साथीची खूण या दोन आकड्यांमध्ये आहे. एकटा आकडा मुका असतो. मागचा आकडा शेजारी आला म्हणजे तो बोलू लागतो. म्हणूनच १८८१ ते २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी अखंड चाललेली ही मालिका मोलाची, आणि महामारीमुळे २०२१ ची गणना वेळेवर होऊ शकली नाही, ही उणीव लहान नव्हे.

जयपूर नगरीची आखणी करणाऱ्या विद्याधर यांचे नाव धारण करणारे विद्याधर नगर १९०१ साली अस्तित्वातच नव्हते. स्थापत्यविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली ही वसाहत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. २००१ च्या गणनेस अनुसरून मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००८ मध्ये विद्याधर नगर विधानसभेचा मतदारसंघ झाला. ज्या गणनेत काबूलची लढाई आणि नवा कर दिसल्यामुळे भिल्लांनी एकेकाळी धनुष्य उचलले, तिच्याच आधारे आज लोकांना प्रतिनिधी मिळतो. मोजणारा व मोजला जाणारा यांच्यात विश्वास असेल तेथेच हे घडते. तो विश्वास नसेल तेथे कितीही तक्ते भरले, तरी हाती लागते ती केवळ खानेसुमारी.