गोल्फच्या आयर्नची झिलई: एमरी कागदापासून मुलाम्यापर्यंत

आयर्न म्हणजे धातूच्या तिरप्या पात्याचा गोल्फ क्लब. खेळताना त्याचे डोके माती, वाळू, दव आणि खड्यांशी सतत घासले जाते, त्यामुळे पृष्ठभाग कसा राखायचा हा प्रश्न आयर्नइतकाच जुना आहे. पाते कोरे ठेवले तर ते गंजते, गंज घासून काढला तर धातू झिजून वजन घटते, आणि मुलामा चढवला तर वजन वाढून चकाकी डोळ्यांवर येते. आज खेळाडू आपल्या पसंतीची झिलई देऊन आयर्न बनवून घेतात, तेव्हाही निवड याच तीन अडचणींतून करावी लागते. या झिलईचा इतिहास स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोहारशाळांत सुरू होतो.

सुरुवातीचे क्लब मुख्यतः लाकडी होते. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने १५०२ साली पर्थच्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून क्लब घेतल्याची नोंद राजदरबाराच्या हिशेबात आढळते. लाकडाचे काम धनुष्यकार करत, लोखंडी डोके लागले तर ते लोहाराकडून घडवून आणले जाई. इंग्लंडमधल्या हल शहरात एका घराच्या बंद कपाटात जुन्या क्लबांचा एक संच सापडला. सोबत १७४१ सालचे वर्तमानपत्र होते. ट्रूनचे क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संचातल्या आठ क्लबांपैकी सहा लाकडी आणि फक्त दोन लोखंडी आहेत.

लोखंडाचा वापर इतका कमी असण्याचे कारण चेंडूत होते. त्या काळचा चेंडू चामड्याच्या लहान पिशवीत भिजवलेली पिसे ठासून शिवलेला असे. तो बनवायला वेळ लागे आणि त्याची किंमतही भारी असे. लोखंडी पात्याचा एक चुकीचा फटका चामडे कापून टाकी. म्हणून आयर्न बाहेर निघे ते चेंडू खड्ड्यात, वाळूत किंवा गाडीच्या चाकोरीत अडकला तरच. अशा ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या पात्याचे डोके जाड, जड आणि ओबडधोबड असे. त्याच्या झिलईची फारशी फिकीर कोणी करत नसे.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला आणि चित्र पालटले. गटापर्चा हा मलाया भागातल्या झाडांचा चीक. सेंट अँड्र्यूजमधल्या एका घरी भारतातून विष्णूची मूर्ती आली, ती या चिकाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी दंतकथा तिथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, नवा चेंडू स्वस्त होता, टणक होता आणि चेपला तर तापवून पुन्हा वळता येई. पिसांचे चेंडू बनवणारा नामांकित कारागीर अ‍ॅलन रॉबर्टसन याने आधी त्याला कडाडून विरोध केला. याच वादातून त्याची आणि त्याचा सहकारी टॉम मॉरिस याची ताटातूट झाली. पुढे मात्र क्लीक नावाच्या लोखंडी क्लबाने चेंडू हिरवळीकडे सरपटत नेण्यात रॉबर्टसननेच हातखंडा मिळवला. टॉम मॉरिसचा मुलगा तरुण टॉम याने तर चाकोरीतून चेंडू काढण्यासाठीचे लहान गोल पाते उंच, अलगद फटक्यासाठी वापरून दाखवले. चेंडू फाटण्याची भीती संपल्यावर आयर्न हे अडचणीत काढायचे हत्यार राहिले नाही, ते नेमके खेळण्याचे साधन झाले. साधन नेमके झाले तसा त्याच्या पृष्ठभागालाही भाव आला.

मागणी वाढली तसे फक्त आयर्न घडवणारे लोहार पुढे आले. त्यांना क्लीकमेकर म्हणत. मसलबरामध्ये कॅरिक, सेंट अँड्र्यूजमध्ये रॉबर्ट व्हाइट, रॉबर्ट काँडी आणि टॉम स्ट्यूअर्ट, लीव्हनमध्ये जॉर्ज निकल, किंगहॉर्नमध्ये विल्यम गिब्सन, अँस्ट्रदरमध्ये अँडरसन ही त्यांतली मोठी नावे. प्रत्येकाचा ठसा वेगळा होता. स्ट्यूअर्टचा चिलीम, काँडीचा गुलाब, निकलचा हात, गिब्सनचा तारा, अँडरसनचा बाण. पात्याच्या पाठीवर उमटलेला हा ठसा म्हणजे कारागिराची हमी असे.

हाताने घडवलेल्या जुन्या आयर्नमध्ये सर्वांत अवघड भाग म्हणजे दांडा बसवायची नळी. लोहार तापलेल्या लोखंडाची एक बाजू ठोकून पातळ करी, ती एका गोल सळईभोवती गुंडाळी आणि पुन्हा तापवून घणाखाली सांधून टाकी. नळीच्या तोंडाशी करवतीच्या दातांसारख्या खाचा कापत, म्हणजे तिथे धातू लाकडी दांड्यावर घट्ट बसे. मग नळीतून आणि दांड्यातून आरपार भोक पाडून रिव्हेट ठोकत. या खाचा जितक्या मोठ्या आणि नळी जितकी लांब व जाड, तितका क्लब जुना असण्याची शक्यता जास्त. संग्राहक आजही वयाचा अंदाज बांधताना आधी तिथेच नजर टाकतात. पात्याचा पुढचा भाग मात्र बराच काळ सपाट, गुळगुळीत असे. त्यावर ठिपके आणि रेघा ठोकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि रबरी गाभ्याच्या चेंडूबरोबर सर्वत्र पसरली.

घडवलेले डोके कानशीने आकारात आणत, दगडी चाकावर घासत आणि शेवटी एमरी या कठीण खनिजाच्या बारीक पुडीने उजळत. झिलई म्हणायची ती एवढीच. पाते चांदीसारखे लखलखे, पण उघडेच असे. समुद्रकाठच्या दमट वाऱ्यात एका दिवसात त्यावर तांबूस डाग उमटत. म्हणून खेळ संपला की कॅडी, म्हणजे खेळाडूचे क्लब वाहणारा मदतनीस, किंवा गोल्फ क्लबच्या दुकानातला मुलगा एमरी कागद घेऊन प्रत्येक पाते घासून पुन्हा उजळी. अनेक ठिकाणी क्लब साफ करून ठेवण्याचे शुल्क सभासदांकडून घेतले जाई आणि व्यावसायिक खेळाडूच्या दुकानाला त्यातून नियमित उत्पन्न मिळे. लाकडी दांड्याला जवसाचे तेल चोळणे, सुटलेला दोरा डांबर लावून पुन्हा गुंडाळणे, चामड्याची मूठ मऊ राखणे हीसुद्धा याच कामाची अंगे होती.

एमरीने पाते उजळत होते तसेच ते झिजतही होते. दर घासण्याला धातूचा एक सूक्ष्म थर जाई. काही वर्षांत पाठीवरचा ठसा पुसट होई, पुढच्या रेघा उथळ होत, पात्याची धार पातळ पडे आणि खेळाडूच्या हाताला सवयीचे झालेले वजन बदले. जुन्या बाजारात कारागिराचे नाव अर्धे गेलेले आयर्न मोठ्या संख्येने दिसतात. त्यांचे नाव गंजाने गेले तसेच अतिस्वच्छतेनेही गेले.

यावर उपाय धातुशास्त्राने दिला. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियमचे प्रमाण मोठे असलेले पोलाद तयार केले. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अदृश्य, घट्ट पापुद्रा धरते आणि तो ओरखडला तरी आपोआप पुन्हा जमतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘रस्टलेस’ असे ठळक अक्षरांत ठोकलेले आयर्न बाजारात आले. त्याच दशकात क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देता येऊ लागला आणि एमरी कागद कॅडीच्या हातून हळूहळू सुटला. पाते पुसायला ओले फडके पुरू लागले.

याच सुमारास दांडाही बदलला. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली. मॅशी, निब्लिक, मिड-आयर्न ही आयर्नच्या प्रकारांची जुनी नावे मागे पडून आकडे आले आणि एकसारखा जुळवलेला संच विकला जाऊ लागला. त्याआधी संच जुळवणे हे खेळाडूच्या हाताचे आणि कारागिराच्या नजरेचे काम होते. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सने वर्षानुवर्षे एकेक क्लब पारखून आपला संच जमवला. त्यात स्ट्यूअर्टच्या लोहारशाळेतले आयर्न होते. पुढे स्ट्यूअर्टने त्यांच्या नमुन्यावर घडवलेल्या पात्यांवर जोन्सची आद्याक्षरे ठोकली. खेळाडूच्या पसंतीचा आकार नावानिशी घडवून विकण्याचे हे एक जुने उदाहरण आहे.

जुळवलेल्या संचामुळे मुलाम्याला नवा अर्थ आला. संचातल्या लागोपाठच्या दोन आयर्नच्या डोक्यांत साधारण ७ ग्रॅमचा फरक ठेवतात. डोक्याचे वजन सुमारे २ ग्रॅमने बदलले की क्लब फिरवताना जाणवणारा भार, म्हणजे स्विंगवेट, एका अंकाने सरकतो. त्यामुळे किती धातू घासायचा आणि मुलाम्याने किती वजन वाढेल याचा हिशेब आधीच करावा लागतो. साध्या क्रोमखाली निकेलचा आणि अनेकदा त्याखाली तांब्याचा थर असतो. वरचा चमकता क्रोम एका मायक्रॉनहूनही पातळ असू शकतो. पाणी अडवण्याचे खरे काम निकेल करते, ओरखडे अडवण्याचे काम क्रोम करतो. खडा लागून हे थर फुटले की ओल आत शिरते आणि कडेने मुलामा उचलला जातो.

जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या हिमेजीजवळचे इचिकावा हे गाव घडीव आयर्नचे केंद्र बनले. कात्सुहिरो मिउरा यांनी याच भागातून मऊ पोलादाच्या घडीव पात्यांना जगभर नाव मिळवून दिले. मऊ पोलाद दांड्याशी हवा तो कोन जुळवण्यासाठी वाकवता येते, चाकावर सहज घासता येते आणि मुलामा नीट धरते. म्हणून खास झिलई करून घेणारे बहुधा घडीव आयर्नच निवडतात. अमेरिकेत कार्स्टन सोल्हाइम यांच्या पिंग कंपनीने वेगळी वाट धरली. मेणाच्या साच्यावरून ओतलेले स्टेनलेस पोलाद वापरून तिने मुलाम्याची गरजच टाळली. १९८२ साली आलेला पिंग आय २ हा संच प्रचंड खपला. तो बेरिलियम मिसळलेल्या तांब्यातही मिळे आणि त्याचा तपकिरी सोनेरी रंग आजही हौशी लोकांना खुणावतो. अशी पाती मात्र घरी कधीच घासू नयेत, कारण बेरिलियमची धूळ फुप्फुसांना गंभीर इजा करते.

आज करून घेता येणाऱ्या झिलया चार प्रकारांत मोडतात. पहिली कोरी, म्हणजे कसलाही मुलामा नसलेली. उन्हात ती चमकत नाही, वापराने तपकिरी होते आणि तिला दर वेळी कोरडे करून तेलाचा पुसट हात द्यावा लागतो. गंजामुळे चेंडूला जास्त फिरकी मिळते ही समजूत मात्र खरी नाही. फिरकी ठरते ती मुख्यतः खोबणी, पात्याचा कोन आणि पृष्ठभागाची स्वच्छता यांवर. दुसरा प्रकार विद्युत मुलाम्याचा. त्यात चकचकीत किंवा मंद क्रोम, निकेल आणि तांबे येतात. तांबे लवकर काळवंडते. तिसरा रासायनिक काळा, ज्यात पोलादाच्याच पृष्ठभागाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. तो वजन वाढवत नाही, पण तेलावाचून टिकत नाही आणि चेंडू व जमीन लागते तिथून आधी उडतो. चौथा निर्वात कक्षात चढवलेला अतिशय पातळ, कठीण थर. तो टिकाऊ, तरी बंकरची वाळू त्यालाही कालांतराने पुसते.

कोणतीही झिलई नव्याने देताना पुढच्या खोबणींना जपावे लागते. १९२१ साली जॉक हचिसनने सेंट अँड्र्यूजची ओपन स्पर्धा खोल खाचांच्या आयर्नने जिंकली आणि लवकरच तशा पात्यांवर बंदी आली. आजच्या नियमांत खोबणीची रुंदी ०.९ मिलिमीटर आणि खोली ०.५०८ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. २०१० पासून कडांच्या धारेवरही बंधन आहे. जाड मुलाम्याने खोबण बुजते, अणकुचीदार हत्याराने ती कोरली तर क्लब स्पर्धेतून बाद ठरू शकतो.

भारतात कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ पासून आहे आणि मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ सुरू झाले. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, कोऱ्या आणि काळ्या झिलईची पाती स्कॉटलंडहूनही लवकर गंजतात. इथे फेरी संपताच कोमट पाण्यात मऊ ब्रशने खोबणीतली माती काढावी, नळीच्या तोंडापर्यंत पाते कोरडे करावे आणि ओल्या टॉवेलसकट पिशवी बंद करू नये. डोकी एकमेकांवर आपटून मुलाम्याचे टवके उडतात, म्हणून प्रवासात डोक्यांवर आवरण घालावे. जुना, ठसा असलेला आयर्न हाती आला तर त्याला चाक लावू नये. सैल गंज तेलात भिजवून फडक्याने पुसावा आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. मुलामा पुन्हा चढवता येतो, रंग पुन्हा भरता येतो. घासून गेलेला धातू आणि त्याबरोबर गेलेली कारागिराची खूण मात्र परत आणता येत नाही.